घरून काम आणि व्हिडिओ कॉल: कपडे नक्की कसे असावेत?

उंबरठा

नमस्कार मंडळी, लवकरच नवीन नोकरी सुरू होतेय आणि ती पूर्णपणे घरूनच आहे. आधीच्या नोकरीतही घरून काम होतं पण तिथे कॅमेरा कोणी लावायचंच नाही, इथे मात्र रोज ग्राहकांबरोबर कॉल आणि कॅमेरा चालू ठेवायची पद्धत आहे असं आधीच सांगितलंय. एचआरला ड्रेस कोड विचारला तर उत्तर आलं 'स्मार्ट कॅज्युअल', आणि त्यात काय बसतं काय नाही ते प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

काल मैत्रिणीबरोबर एक ट्रायल कॉल करून बघितला. पांढरा शर्ट घातला तर चेहरा काळवंडलेला दिसत होता, आणि बारीक रेघांचा निळा शर्ट घातला तर रेघा चक्क हलत होत्या, म्हणजे मी जरा मान वळवली की छातीवर लाटा उठल्यासारखं दिसायचं. हे दोन्ही शर्ट ऑफिसात अगदी छान दिसायचे हो. लॅपटॉप बिघडलाय का?

तर प्रश्न असे की कॉलर हवीच का, रंग कोणते घ्यावेत, खाली काय घालायचं, आणि कॉल नसेल तेव्हाही त्याच कपड्यात बसायचं का. मला स्वतःला नीट दिसायला आवडतं, समोरचा माणूस आपल्यासाठी वेळ काढून बसलेला असतो तर आपणही जरा तयार होऊन बसावं असं मनापासून वाटतं. पण दिवसभर कडक कपड्यात अवघडून बसायचं तर मग घरून काम कशाला, असंही वाटतं. जाणकारांनी सांगा प्लीज.

पारिजात_०७

अभिनंदन नवीन नोकरीबद्दल! मी बरीच वर्षं घरून काम करतेय. कॉलर हवीच असं काही नाही पण गळ्याला आकार हवा. कॅमेऱ्यात आपण छातीपासून वरच दिसतो, त्यामुळे कपड्याचा गळा आणि खांदे हेच सगळं बोलतात. ढगळ टीशर्टचा गळा लोंबतो आणि तेवढंच नजरेत भरतं, तोच टीशर्ट नीट बसणाऱ्या गळ्याचा असेल तर वर एक साधं जॅकेट चढवलं की काम भागतं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. खूप रुंद गळ्याचे टॉप किंवा बिनबाह्यांचे कपडे प्रत्यक्षात अगदी व्यवस्थित असतात, पण कॅमेऱ्याची चौकट जिथे कापते तिथे नुसती मान आणि खांदे दिसतात आणि कपडाच दिसत नाही. बघणाऱ्याला क्षणभर वेगळंच वाटतं. तेव्हा कपडा आरशात बघून ठरवू नका, कॅमेऱ्यात बघून ठरवा.

लेन्सवाला

उंबरठा, तुमचा लॅपटॉप ठणठणीत आहे. मी व्हिडिओ शूटिंगच्या कामात आहे आणि हे दोन्ही प्रश्न आमच्याकडे रोजचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

आधी पांढरा शर्ट. साध्या कॅमेऱ्याला समोर शर्ट आहे की भिंत हे कळत नसतं. तो पूर्ण चित्रातला उजेड मोजतो आणि सरासरी मधल्या राखाडीच्या आसपास आणायला बघतो. तुम्ही पांढरा शर्ट घालून पांढऱ्या भिंतीपुढे बसलात की चित्रात पांढरंच जास्त, मग तो म्हणतो उजेड फार झाला आणि सगळंच गडद करतो, त्यात तुमचा चेहराही गडद होतो. काळा कुळकुळीत शर्ट घातला की बरोबर उलटं, चेहरा उजळून भगभगीत होतो, नाक कपाळ सगळं सपाट. आता काही कॅमेरे आणि ॲप चेहरा ओळखून उजेड त्याच्यावरून ठरवतात, तिथे हा त्रास कमी होतो, पण लॅपटॉपच्या आतल्या साध्या कॅमेऱ्यात बऱ्यापैकी दिसतोच. म्हणून मधल्या छटा घ्या. टीव्हीच्या लोकांना पांढऱ्याऐवजी फिका निळा शर्ट घालायला पूर्वीपासून सांगायचे ते याच कारणाने.

आता रेघा. याला मॉआरे म्हणतात. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पिक्सेलची एक बारीक जाळी असते, आणि तुमच्या शर्टाच्या रेघा किंवा चौकडी ही दुसरी जाळी. दोन जाळ्या एकमेकींवर आल्या आणि रेघांमधलं अंतर पिक्सेलच्या अंतराच्या जवळपास गेलं की तिसरंच एक नक्षीकाम दिसायला लागतं जे कापडावर नसतंच. तुम्ही जरासं हललात की ते नक्षीकाम खूप हलतं, म्हणून लाटा. त्यात भर म्हणजे बऱ्याच लॅपटॉपचा कॅमेरा ७२०पी असतो, म्हणजे १२८० बाय ७२० पिक्सेल, नेट मंद झालं की ॲप त्याहून लहान चित्र पाठवतं, आणि समोरच्याच्या स्क्रीनवर तुमची चौकट अजून छोटी होते. प्रत्येक वेळी चित्र लहान होताना हा खेळ परत होऊ शकतो. त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर शर्ट ठीक दिसतोय म्हणजे समोरही ठीक दिसतोय असं समजू नका. बारीक रेघा, बारीक चौकडी, बारीक ठिपके आणि जाड विणीचं ट्वीड हे सगळं टाळा. मोठी डिझाइन चालते, एकरंगी तर उत्तमच.

भडक लाल रंगाबद्दलही सांगून ठेवतो. कॉलचा व्हिडिओ पाठवताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची जाते पण रंगाची माहिती साधारण चार पिक्सेलना मिळून एकदाच. आपल्या डोळ्यांना उजेडातला फरक जास्त कळतो आणि रंगातला कमी, म्हणून ही काटकसर सहसा खपून जाते. पण भडक लाल किंवा राणी रंगाच्या कडा मात्र फिसकटलेल्या दिसतात, आणि त्या रंगाची झाक हनुवटीखाली पडते ती वेगळीच.

उंबरठा

बापरे, एवढं सगळं असतं होय यात! लेन्सवाला, खूप खूप धन्यवाद. दोन नवे शर्ट घ्यायला निघाले होते ते आता थांबते, आधी घरातलेच कपडे कॅमेऱ्यापुढे धरून बघते.

शांतनिळा

लेन्सवाला यांचं सगळं पटलं, पण रंगाबद्दल थोडी भर घालतो कारण 'फिका निळा घाला' हा सल्ला सगळ्यांना सारखा लागू होत नाही. माझा रंग सावळा आहे. पांढरी भिंत आणि त्यावर फिका निळा असं असलं की माझा चेहरा त्या सगळ्यातला सर्वात गडद भाग होतो आणि मग डोळे, हावभाव काही कळत नाही. मोरपंखी, गडद हिरवा, वांगी रंग, विटकरी असे भरलेले रंग घातले की चित्राचा तोल सावरतो आणि चेहरा उठून दिसतो. मागची भिंत फार पांढरी असेल तर मागे पुस्तकांचं कपाट किंवा गडद पडदा येईल असं बसतो.

हा प्रश्न कपड्यांच्या आधीचा आहे खरं तर. पूर्वी फोटो लॅबमध्ये रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्डं' असायची, त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्या बाईचाच फोटो, तिची त्वचा बरोबर छापली गेली की रंग बरोबर असं धरायचे. सावळ्या माणसांचे फोटो काळे यायचे त्याचं हे एक मोठं कारण होतं. कॅमेरे आता कितीतरी सुधारलेत तरी आपल्या रंगाला काय शोभतं ते आपणच बघून घ्यावं, तयार यादीवर विसंबू नये. आणि कॉलवर चेहरा काळा दिसला तर दोष तुमच्या रंगाचा कधीच नसतो, उजेडाचा असतो, हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा.

मुक्तछंद

थोडं वेगळं मत मांडतो. आपण कपड्यांवर चर्चा करतोय ते ठीकच आहे पण मुळात रोज दर कॉलला कॅमेरा हवाच कशाला? क्रिस्टन शॉकली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एक अभ्यास छापला होता, एका कंपनीतल्या १०३ कर्मचाऱ्यांवर चार आठवडे, काही दिवस कॅमेरा चालू आणि काही दिवस बंद अशी वाटणी करून. कॅमेरा चालू असलेल्या दिवशी थकवा जास्त निघाला, आणि हा परिणाम बायकांवर आणि कंपनीत नवीन आलेल्यांवर जास्त होता. नेमकं ज्यांना वाटतं की आपल्याकडे बारकाईने बघितलं जातंय त्यांच्यावर! उंबरठा तुम्ही तर दोन्हींत मोडता. त्यामुळे कपडे जरूर नीट घाला पण कॅमेरा कुठे लागतो आणि कुठे नाही हे सुरुवातीलाच विचारून घ्या. ग्राहकासमोर हवा, मान्य. आपल्याच टीमबरोबर पंधरा मिनिटांच्या कामाच्या कॉलला पण हवा का? कामाची किंमत कामावरून व्हायला हवी, शर्टावरून नाही.

पारिजात_०७

मुक्तछंद, थकव्याचं अगदी खरं आहे. त्यातला एक भाग स्वतःलाच सतत बघत राहण्याचा असतो. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ च्या लेखात थकव्याची जी चार कारणं मांडलीत त्यात हेही आहे की कॉलभर आपल्यापुढे आरसा धरल्यासारखं होतं. यावर त्यांचाच उपाय म्हणजे चौकट नीट लावून घ्या, एकदा बघा आणि मग स्वतःचं चित्र लपवून टाका. झूम, मीट, टीम्स तिन्हींमध्ये ही सोय आहे, त्याने कॅमेरा बंद होत नाही, फक्त आपल्याला आपण दिसत नाही. मी हे करायला लागल्यापासून केस सारखे करणं, कॉलर ओढणं हे सगळं आपोआप थांबलं. आणि कपडा एकदा नीट निवडलेला असला की लपवायची भीतीही वाटत नाही.

दोन_पोरांची_आई

मुलं लहान आहेत, एक अजून अंगावर पितं, त्यामुळे माझी गरज जरा वेगळी. पुढून उघडणारे कपडे लागतात, डाग पडले तर दोन मिनिटांत बदलता यायला हवेत आणि इस्त्रीला वेळ नाही. माझा तोडगा असा की आत काहीही मऊ घालते आणि खुर्चीच्या पाठीवर एक गडद निळं विणीचं जॅकेट कायम टांगलेलं असतं. विणीचं म्हणजे ताणलं जातं, चुरगळत नाही, बसताना खांद्यावर चढत नाही. कॉल आला की चढवायचं. खांद्यावर बाळाची लाळ असली तरी कोणाला कळत नाही!

दुसरं म्हणजे इस्त्री अख्ख्या शर्टाला करायची गरजच नाही. कॉलर, पुढची बटणपट्टी आणि खांदे एवढंच दिसतं. कॅमेऱ्याचं चित्र एवढं स्पष्ट नसतं त्यामुळे पोटावरच्या चुण्या कोणी बघत नाही, पण कॉलर एका बाजूने दुमडलेली असली तर पहिल्या सेकंदाला दिसते. हेडफोनची पट्टी गळ्यात अडकवायची सवय असेल तर कॉलर हमखास वाकडी होते, तेवढं बघा.

आणि नव्या आयांना एक सांगायचंय. तुम्ही बाळ मांडीवर घेऊन, जॅकेट चढवून कॉलला वेळेवर बसलात तर तुम्ही पुरेशा तयार आहात. त्याहून जास्त कोणी मागत असेल तर ते जास्त मागतायत.

उंबरठा

दोन_पोरांची_आई, शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं अगदी. जॅकेटची युक्ती नक्की करणार.

तिसरी_घंटा

मी टीम चालवतो आणि मुलाखती घेतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. मला समोरच्याच्या कपड्याचा ब्रँड, किंमत, फॅशन यातलं काहीच लक्षात राहत नाही, मनापासून सांगतो. लक्षात राहतं ते एवढंच की माणूस या कॉलसाठी तयार होऊन बसलाय की आत्ता उठून आलाय. आणि तेही चेहऱ्यावरच्या उजेडावरून आणि कॅमेऱ्याच्या उंचीवरून जास्त कळतं. लॅपटॉप मांडीवर ठेवला की कॅमेरा खालून बघतो, मग हनुवटी आणि छताचा पंखा दिसतो, अशा वेळी कितीही चांगलं ब्लेझर घातलं तरी उपयोग नाही. लॅपटॉपखाली जाड पुस्तकं ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आणा आणि हात लांब केला तर बोटं स्क्रीनला जेमतेम टेकतील इतकं मागे बसा. फार जवळ बसलं की नाक मोठं दिसतं आणि कपडा चौकटीतच येत नाही.

'स्मार्ट कॅज्युअल' सारखे शब्द मला अजिबात आवडत नाहीत. आमच्या टीममध्ये मी साध्या भाषेत लिहून दिलंय की बाहेरच्या लोकांबरोबर कॉल असेल तर नीट बसणारा, एकरंगी, स्वच्छ कपडा हवा. आपापसात काहीही चालेल, मोठी जाहिरात किंवा मजकूर छापलेला टीशर्ट मात्र नको. हे बाई-पुरुष सगळ्यांना सारखंच. मेकअप, दागिने, केस याबद्दल एक अक्षरही नाही आणि नसावंच. लिहून दिलं की नवीन माणसाला अंदाज बांधत बसावं लागत नाही. उंबरठा, तुमच्या मॅनेजरला सरळ विचारा, 'ग्राहकांच्या कॉलला तुम्ही स्वतः काय घालता?' त्याचं उत्तर एचआरच्या उत्तरापेक्षा कामाचं असेल.

रानवाट

मजकुराच्या टीशर्टवरून आठवलं. आपल्याला स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, त्यामुळे छातीवरची अक्षरं उलटी दिसतात आणि वाटतं कोणाला वाचता येणार नाही. समोरच्यांना ती सरळच दिसतात. तसंच बिल्ला, पिन, एका बाजूचा खिसा हे सगळं तुमच्या स्क्रीनवर एका बाजूला आणि त्यांच्या स्क्रीनवर दुसऱ्या बाजूला.

सावकाश

दिवसभर ऑफिसचे कपडे घालून बसण्याबद्दल. कपड्याने कामात मन लागतं यावर बरंच लिहिलं जातं आणि बहुतेक वेळा एकाच प्रयोगाचा हवाला असतो. हाजो ॲडम आणि ॲडम गॅलिन्स्की यांचा, २०१२ चा. लोकांना पांढरा कोट घालायला दिला, हा डॉक्टरचा कोट आहे असं सांगितलं तर त्यांचं लक्ष चांगलं लागलं, तोच कोट चित्रकाराचा आहे म्हणून सांगितलं तर तसा फरक पडला नाही. मोठा गाजला हा प्रयोग. पण त्यातला पहिला भाग २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी जास्त लोक घेऊन परत केला तेव्हा तो परिणाम आढळला नाही. त्यामुळे 'शास्त्राने सिद्ध झालंय' असं कोणी ठासून सांगितलं तर जरा थांबा.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी कपडे बदलतो, पण लक्ष लागावं म्हणून नाही. संध्याकाळी ते कपडे काढले की काम संपलं हे मला आणि घरच्यांना दोघांनाही कळतं. घरून काम करताना दिवस संपतच नाही ही खरी अडचण आहे, आणि शर्ट काढून हँगरला लावणं हा त्यावर मला सापडलेला सगळ्यात सोपा इलाज आहे. मुलं पण ओळखतात, निळा शर्ट अंगात असला तर दारावर टकटक करून येतात.

पारिजात_०७

+१ सावकाश. आणि 'खाली काय' हा प्रश्न राहिलाच की.

खाली पूर्ण कपडा घाला एवढंच सांगेन. २०२० च्या मार्चमध्ये वॉलमार्टच्या एका अधिकाऱ्याने सांगितलं होतं की वरच्या कपड्यांची विक्री वाढलीय आणि खालच्यांची नाही, म्हणजे सगळ्या जगाने तेच केलं. पण त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेतला एक टीव्ही रिपोर्टर घरून लाइव्ह बोलत होता, वर शर्ट आणि कोट, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत खालचे उघडे पाय आले. ते चित्र जगभर फिरलं. कॉलमध्ये उठावं लागतंच, चार्जर लावायला, दार उघडायला, मूल पडलं तर धावायला. २०१७ मध्ये बीबीसीवर प्राध्यापक रॉबर्ट केली बोलत असताना मागून त्यांची मुलं खोलीत आली तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. ते जागेवरून उठले नाहीत म्हणून लोकांनी खाली पॅंट आहे की नाही यावर तर्क लढवले. नंतर त्यांना सांगावं लागलं की जीन्स घातली होती. बिचाऱ्या माणसाची चूक काहीच नव्हती तरी.

मऊ, इलॅस्टिकची, गडद रंगाची सरळ पॅंट घ्या. बसायला पायजम्याइतकीच सोयीची आणि उठलात तरी पॅंटच दिसते.

लेन्सवाला

आवाजाचं पण बोलायला हवं कारण कपडा ऐकूही जातो. हेडफोनच्या वायरवर छोटा माइक असतो तो कडक कॉलरला किंवा स्कार्फला घासला की समोर खरखर ऐकू येते, आणि ज्याचा कपडा आहे त्याला स्वतःला ती ऐकू येत नाही. सिंथेटिक जॅकेटची सळसळ, गळ्यातल्या लांब माळेचा माइकला लागणारा टकटक आवाज, बांगड्या किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा टेबलावर आपटणं, हे सगळं लॅपटॉपचा माइक उचलतो कारण तो टेबलालाच टेकलेला असतो. कॉलच्या आधी एक मिनिट आवाज रेकॉर्ड करून, मुद्दाम हात हलवून, मान वळवून ऐकून बघा. दागिने काढायलाच हवेत असं नाही, आखूड आणि अंगाला चिकटून बसणारे घाला.

चष्मेवाल्यांसाठी: काचेवर स्क्रीनचा पांढरा चौकोन दिसत असेल तर दिवा जरा उंच आणि बाजूला घ्या, स्क्रीनचा उजेड थोडा कमी करा. दिवा अगदी डोळ्यांसमोर असेल तर काचेत तोच दिसणार. परावर्तन कमी करणारा थर असलेल्या काचा असतील तर फरक पडतो, पूर्ण जात नाही.

आणि दिव्यांच्या उजेडाचं तापमान, म्हणजे तो पिवळसर की निळसर, एकच ठेवा. पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा असतो, दिवसाचा उजेड साधारण ५५०० च्या पुढे. एका गालावर खिडकी आणि दुसऱ्या गालावर पिवळा दिवा पडला की कॅमेरा गोंधळतो, अर्धा चेहरा निळसर अर्धा केशरी, आणि मग तुमचा छान राखाडी शर्ट पण भलत्याच रंगाचा दिसतो. खिडकी समोर घ्या, पाठीमागे नको.

रात्रपाळी

माझे सगळे कॉल रात्रीचे असतात, समोरच्या देशात तेव्हा सकाळ असते. ते लोक आंघोळ करून ताजेतवाने बसलेले आणि मी दिवसभराचे कपडे घालून, असं व्हायचं नाही म्हणून मी रात्रीच्या कामाआधी तोंड धुऊन धुतलेला शर्ट घालतोच. कोणी सांगितलं नाहीये, मलाच बरं वाटतं. रात्री खिडकीचा उजेड नसतो त्यामुळे रंगाचं गणित बदलतं, दिवसा चांगला दिसणारा राखाडी रात्री दिव्यात मळका दिसतो. ज्यांचे कॉल संध्याकाळनंतर असतात त्यांनी कपडे त्याच वेळी आणि त्याच दिव्यात बघावेत.

उंबरठा

सगळ्यांनी किती जीव लावून लिहिलंय! काल संध्याकाळी बसून सगळे कपडे बघितले. खुर्चीत बसले, लॅपटॉपखाली दोन जाड शब्दकोश ठेवले, मैत्रिणीला कॉल लावला आणि एकेक कपडा बदलत गेले, ती तिकडून स्क्रीनचे फोटो काढत होती. स्वतःच्या स्क्रीनवर आणि तिच्या फोटोत खरंच फरक पडतो. माझ्याकडे ठीक दिसणारी बारीक ठिपक्यांची टॉप तिच्याकडे नुसती धुरकट दिसत होती. ज्या विटकरी कुर्त्याकडे मी कधी ऑफिससाठी बघितलंच नव्हतं तो सगळ्यात छान दिसला, चेहरा पण उजळ आणि कापड पण स्थिर. साटनचा शर्ट बाद झाला, दिवा पडला की छातीवर चकाकणारा पट्टा यायचा. एक गडद हिरवा टॉप तेवढा अडला, भिंतीपुढे सुंदर दिसतो पण मागे ते बनावट ऑफिसचं चित्र लावलं की खांद्याच्या कडा खाल्ल्या जातात. हिरव्या रंगामुळे होतं का ते?

मॅनेजरलाही मेसेज केला तिसरी_घंटा यांनी सांगितलं तसा. त्या म्हणाल्या की ग्राहकांच्या कॉलला त्या एकरंगी टॉपवर जॅकेट घालतात, आणि टीमच्या सकाळच्या कॉलला कॅमेरा लावला नाही तरी चालतं. मुक्तछंद, हे विचारायचं तुमच्यामुळे सुचलं.

मुक्तछंद

वा, हे ऐकून फार आनंद झाला. विचारलं की सांगतात लोक, बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही.

लेन्सवाला

हिरवा पडदा मागे लावला असता तर हो, तिथे ॲप हिरवं दिसेल ते सगळं काढून चित्र भरतं, त्यात हिरवा कपडा गायबच होतो. पडदा नसताना ॲप माणसाचा आकार ओळखून कापतं, तिथे रंग कुठला यापेक्षा कपडा आणि मागची वस्तू यांतला फरक महत्त्वाचा. तुमची खुर्ची कुठल्या रंगाची आहे? गडद खुर्चीची उंच पाठ आणि गडद टॉप एकमेकांत मिसळले की ॲपला खांदा कुठे संपतो ते कळत नाही. केसांचंही तसंच होतं, मोकळे केस आणि मागे गडद काही असलं की बटा कापल्या जातात.

उंबरठा

खुर्ची काळी आहे! आणि पाठ खांद्याच्या वर येते.

लेन्सवाला

मग तेच. खुर्चीच्या पाठीवर फिक्या रंगाचं, न चमकणारं कापड टाकून बघा, किंवा ते बनावट चित्र काढून खरी भिंतच राहू द्या. हिरवा टॉप अजिबात टाकू नका.

दोन_पोरांची_आई

फक्त कापड खुर्चीला मागून पिनेने नीट अडकवा, नाहीतर दर वेळी टेकलं की घसरतं आणि कॉलमध्ये मागे हात घालून ओढत बसावं लागतं.